नकाशा समोर ठेवून इंग्रजी शिका: ब्रिटनपासून सुरुवात कशी करावी

मराठी माध्यमात शिकलेल्या बहुतेकांना इंग्रजी वाचलेलं कळतं. बातमीचा मथळा, औषधाच्या खोक्यावरची सूचना, ऑफिसातलं पत्र यात फारसं अडत नाही. बोलायची वेळ आली की मात्र घोडं पेंड खातं. मला याचं मोठं कारण असं दिसतं की आपण घोकलेली वाक्यं कुठल्याच गावची नसतात. 'राम आंबा खातो' या वाक्यातला राम कोण, तो कुठे बसलाय, आंबा कुठला, याच्याशी आपलं काही देणंघेणं नसतं. परीक्षा झाली की वाक्यही जातं.

यावर एक चांगला उपाय आहे. इंग्रजी जिथे रोज बोलली जाते असा एक देश घ्यायचा आणि तिथल्या नद्या, डोंगर, हवा, रस्ते, सण, माणसांच्या सवयी हे सगळं इंग्रजीतूनच समजून घ्यायचं. देश जसा ओळखीचा होतो तशी त्याच्या आधाराने भाषा बसत जाते. अट एकच: एका वेळी एकच देश, त्यातल्याही थोड्याच जागा, पण त्या तळापर्यंत. पाच खंडांतले सगळे इंग्रजी भाषिक देश धावत पाहायला गेलात तर हाती राजधान्यांची यादी लागते, वाक्य लागत नाही.

ज्यांचं शाळेतलं इंग्रजी झालेलं आहे, साधा उतारा वाचता येतो, पण बोलताना आणि लिहिताना अडखळायला होतं, त्यांच्यासाठी हे मार्गदर्शन आहे. रोजची पाऊण तास सवड काढता आली तर पुरे.

देश कसा निवडावा

ज्या देशाशी तुमचा काही धागा जुळतो तोच घ्या. भाचा मेलबर्नला असेल तर ऑस्ट्रेलिया, मुलीला टोरांटोत प्रवेश मिळाला असेल तर कॅनडा. असा काही धागा नसेल तर ब्रिटनपासून सुरुवात करावी असं माझं मत आहे. देश आकाराने लहान आहे, त्यामुळे नकाशा महिनाभरात पाठ होतो. फुकट मिळणारं वाचायचं-ऐकायचं साहित्य भरपूर आहे. आणि मराठी माणसाच्या ओळखीच्या काही पत्त्यांपर्यंत तिथे चालत जाता येतं, त्याबद्दल पुढे सांगतो.

आधी नावांचा घोळ मिटवा. ग्रेट ब्रिटन हे एक बेट आहे, त्यावर इंग्लंड, स्कॉटलंड आणि वेल्स आहेत. त्यात उत्तर आयर्लंड मिळवलं की युनायटेड किंगडम होतं. डब्लिन राजधानी असलेलं आयर्लंडचं प्रजासत्ताक हा पूर्ण वेगळा देश. एडिनबराच्या माणसाला 'इंग्लिश' म्हटलेलं खटकतं. त्याला स्कॉटिश म्हणा.

पहिला आठवडा: हाताने काढलेला नकाशा आणि 'द'

मोबाइलवरचा नकाशा बघू नका, कागदावर काढा. किनारा वेडावाकडा आला तरी चालेल. त्यात लंडन, एडिनबरा, कार्डिफ आणि बेलफास्ट ही चार शहरं दाखवा. सेव्हर्न (३५४ किमी) आणि टेम्झ (३४६ किमी) या दोन नद्या काढा. स्कॉटलंडमधलं बेन नेव्हिस आणि वेल्समधलं स्नोडन ही शिखरं, वायव्य इंग्लंडमधलं विंडरमिअर सरोवर, दक्षिणेचं आइल ऑफ वाइट बेट, पूर्वेला नॉर्थ सी, पश्चिमेला आयरिश सी आणि फ्रान्सच्या बाजूला इंग्लिश चॅनल दाखवा. मग प्रत्येक नावावर बोट ठेवून मोठ्याने म्हणा: द टेम्झ, द सेव्हर्न, द नॉर्थ सी, द इंग्लिश चॅनल. आणि बेन नेव्हिस, स्नोडन, लेक विंडरमिअर, कार्डिफ.

काही नावांपुढे 'द' आहे, काहींपुढे नाही. नद्या, समुद्र, खाड्या, डोंगररांगा आणि बेटांचे समूह यांना 'द' लागतो. एकटं शिखर, एकटं सरोवर, शहर, परगणा यांना लागत नाही. नावात 'ऑफ' आलं की लागतो, म्हणून 'द आइल ऑफ वाइट'. देशांच्या नावांना सहसा लागत नाही, पण त्यात किंगडम, स्टेट्स, रिपब्लिक असा शब्द असला की लागतो: 'द युनायटेड किंगडम', पण नुसतं 'ब्रिटन'.

मराठीत 'द' नाहीच, त्यामुळे तो राहिला तरी आपल्या कानाला काही चुकल्यासारखं वाटत नाही. व्याकरणाच्या पुस्तकातला नियम परीक्षेत आठवतो, बोलताना आठवत नाही. नकाशावर बोट ठेवून आठवडाभर तीच नावं उच्चारली की 'टेम्झ' एकटं म्हणताना जीभ अडखळू लागते. तेवढंच हवं असतं.

मग हाच नियम घरी आणा. द गोदावरी, द कृष्णा, द अरेबियन सी, द वेस्टर्न घाट्स. पण कळसूबाई, पण रंकाळा लेक. याच नकाशावर तुलनेची वाक्यंही तयार होतात. बेन नेव्हिस १३४५ मीटर, स्नोडन १०८५ मीटर, आपलं कळसूबाई १६४६ मीटर. 'बेन नेव्हिस इज द हायेस्ट माउंटन इन द यूके. इट इज हायर दॅन स्नोडन. कळसूबाई इज अबाउट थ्री हंड्रेड मीटर्स हायर दॅन बेन नेव्हिस, बट बेन नेव्हिस इज मच कोल्डर.' शेवटच्या वाक्यातलं 'मच कोल्डर' नीट लक्षात घ्या. 'मोअर कोल्डर' ही आपल्याकडे फार होणारी चूक आहे.

दिशा सांगताना

दिशांसाठी एक पूर्ण दिवस द्या, कारण इथे मराठी आपल्याला फसवते. 'नंदुरबार महाराष्ट्राच्या उत्तरेला आहे' असं आपण म्हणतो आणि 'मध्य प्रदेश महाराष्ट्राच्या उत्तरेला आहे' असंही म्हणतो. एक गाव हद्दीच्या आत आहे, एक राज्य हद्दीबाहेर, पण शब्द तोच. इंग्रजीत दोन वेगळी रूपं लागतात. 'लीड्स इज इन द नॉर्थ ऑफ इंग्लंड', कारण लीड्स आत आहे. 'स्कॉटलंड इज टू द नॉर्थ ऑफ इंग्लंड', कारण ते बाहेर आहे.

आणखी दोन रूपं शिका. किनाऱ्यावरच्या गावाला 'ऑन': 'ब्रायटन इज ऑन द साउथ कोस्ट.' किनाऱ्यापासून थोडं आत समुद्रात असेल तर 'ऑफ': 'द आइल ऑफ वाइट इज ऑफ द साउथ कोस्ट.' नदीकाठच्या शहरालाही 'ऑन': 'लंडन इज ऑन द टेम्झ.' आता न लिहिता, तोंडीच, आपल्याकडची वाक्यं करा. रत्नागिरी इज ऑन द वेस्ट कोस्ट. जंजिरा इज ऑफ द कोस्ट, निअर मुरुड. कोल्हापूर इज ऑन द पंचगंगा. गोवा इज टू द साउथ ऑफ महाराष्ट्र. अशी पंधरा-वीस वाक्यं न थांबता आली की पुढे जा.

गावांची नावं आणि गिळलेली अक्षरं

ब्रिटिश गावांची नावं लिहितात एक आणि वाचतात दुसरं, अशी सगळ्यांची तक्रार असते. शिकणाऱ्याला मात्र त्याचा फार उपयोग होतो. इंग्रजी शब्दात एका अवयवावर (सिलेबलवर) जोर पडतो आणि बाकीचे दबतात. आपण मराठी माणसं प्रत्येक अक्षराला सारखा मान देतो, म्हणून आपलं इंग्रजी बरोबर असूनही समोरच्याला पटकन कळत नाही. गावांच्या नावांत हे दबणं स्पष्ट दिसतं, कारण शेवटचे तुकडे ठरलेले आहेत.

ज्याच्या शेवटी आपण 'हॅम' वाचतो ते नुसतं 'अम' होतं: बर्मिंगम, नॉटिंगम. 'शायर'चं 'शर' होतं: यॉर्कशर. 'माउथ'चं 'मथ' होतं: पोर्ट्समथ, प्लिमथ. 'बर्ग' वाटतं ते 'बरा' होतं: एडिनबरा. लेस्टर, ग्लॉस्टर, वुस्टर या तिन्हींत मधली अक्षरं पार गिळली जातात. ग्रेनिच आणि नॉरिच यांत 'डब्ल्यू' लिहिलेला असतो पण ऐकू येत नाही. अपवाद आहेतच: इप्स्विचमध्ये तो ऐकू येतो, आणि सायरनसेस्टरचं 'सेस्टर' पूर्ण उच्चारतात.

केंब्रिज डिक्शनरीच्या संकेतस्थळावर ब्रिटिश आणि अमेरिकन दोन्ही उच्चार ऐकता येतात. यूग्लिश या संकेतस्थळावर एखादा शब्द टाकला की खऱ्या माणसांच्या तोंडून तो वाक्यात ऐकू येतो. आधी ऐका, मग म्हणा, मग स्वतःचा आवाज रेकॉर्ड करून शेजारी लावून ऐका. गावांवर हात बसला की तोच कान नेहमीच्या शब्दांकडे वळवा. 'कम्फर्टेबल' हा 'कम्फ्टबल'च्या जवळ जातो, 'व्हेजिटेबल' हा 'व्हेज्टबल'च्या.

याच टप्प्यावर 'व' आणि 'व्ह'चा प्रश्नही हाताळा. वेल्स, वेस्टमिन्स्टर, विंडरमिअर म्हणताना ओठ गोल करून पुढे आणायचे, दात ओठाला लावायचे नाहीत. सेव्हर्न, लिव्हरपूल, डोव्हर म्हणताना वरचे दात खालच्या ओठावर टेकवायचे. लिहिताना आपण 'व्ह' लिहितो, पण तो 'ह'चा फुंकर मारलेला उच्चार नाही. आरशासमोर उभं राहून ही सहा नावं रोज म्हणा.

एक जागा तळापर्यंत: जायंट्स कॉजवे

दुसऱ्या आठवड्यात एकच जागा घ्यायची आणि पूर्ण आठवडा तिच्यावर राहायचं. मी उत्तर आयर्लंडमधला जायंट्स कॉजवे सुचवतो, आणि मराठी वाचकाला तो सुचवण्यामागे कारण आहे.

अँट्रिम परगण्यात, उत्तर किनाऱ्यावर, बेसॉल्ट खडकाचे सुमारे ४०,००० खांब समुद्रात उतरत गेलेले आहेत. बहुतेक षटकोनी, एकमेकांना चिकटून, पायऱ्यांसारखे. साधारण ६ कोटी वर्षांपूर्वी लाव्हा थंड होताना आकसला, त्याला भेगा पडल्या आणि हे आकार तयार झाले. १९८६ पासून ही युनेस्कोची जागतिक वारसा जागा आहे. आणि आपला अर्ध्याहून जास्त महाराष्ट्र याच बेसॉल्टवर उभा आहे. मुंबईत अंधेरीला गिल्बर्ट हिल आहे, सुमारे ६० मीटर उंच, उभ्या बेसॉल्ट खांबांची, साडेसहा कोटी वर्षं जुनी. म्हणजे परक्या देशातली गोष्ट वाचताना निम्मा मजकूर आपल्या पायाखालचा निघतो.

पहिल्या दिवशी फक्त फोटो बघा आणि दिसेल त्याला नाव द्या: क्लिफ, शोअर, कॉलम, स्टेप, वेव्ह, हेक्सॅगन. मराठी अर्थ लिहू नका. वहीत छोटं चित्र काढून बाणाने शब्द जोडा.

दुसऱ्या दिवशी जागा कशी तयार झाली ते वाचा. इंग्रजी विकिपीडियाची सोपी आवृत्ती यासाठी बरी. इथे 'पॅसिव्ह' सतत येतो, कारण दगड स्वतः काही करत नाही, त्याच्याबाबतीत काहीतरी घडतं. 'द कॉलम्स आर मेड ऑफ बेसॉल्ट. दे वेअर फॉर्म्ड व्हेन लाव्हा कूल्ड.' पहिलं वाक्य आजही खरं आहे म्हणून 'आर', दुसरी घटना होऊन गेली म्हणून 'वेअर'. शाळेत 'राम किल्ड रावण' उलटं करून शिकलेला हा प्रकार इथे कशासाठी असतो ते कळतं. मग गिल्बर्ट हिल, अजिंठ्याची लेणी, वेरूळचं कैलास मंदिर यांवर अशीच वाक्यं करा. 'द कैलास टेम्पल वॉज कार्व्ह्ड आउट ऑफ बेसॉल्ट.'

पुढचे दोन दिवस गोष्टीसाठी ठेवा. आयर्लंडमधला फिन मॅककूल नावाचा राक्षसी पुरुष स्कॉटलंडच्या बेनानडॉनरशी लढायला जाण्यासाठी समुद्रात दगडी वाट बांधतो. पण प्रतिस्पर्धी किती प्रचंड आहे ते पाहून घाबरून घरी पळतो. त्याची बायको त्याला बाळाचे कपडे घालून पाळण्यात झोपवते. बेनानडॉनर येतो, बाळ बघतो आणि विचार करतो: बाळ एवढं, तर बाप केवढा असेल! तो वाट उखडत उखडत परत पळतो. स्कॉटलंडच्या बाजूला स्टाफा बेटावर फिंगल्स केव्ह या गुहेत तसेच खांब आहेत, त्यामुळे वाटेचं दुसरं टोकही दाखवता येतं.

ही गोष्ट इंग्रजीत सांगायची. आधी सहा वाक्यांत, मग बारा वाक्यांत. सगळी क्रियापदं भूतकाळात: बिल्ट, सॉ, रॅन, ड्रेस्ड, थॉट, टोअर. बेनानडॉनरचा विचार सांगताना 'मस्ट' येतो, आणि अंदाजाचा 'मस्ट' शिकायला याहून चांगलं वाक्य मला माहीत नाही: 'द फादर मस्ट बी इनॉर्मस!' आपण 'मस्ट' म्हणजे 'पाहिजेच' एवढंच शिकलेलो असतो. कुणाला तरी समोर बसवून सांगा. घरातलं आठ-दहा वर्षांचं मूल सर्वांत चांगला श्रोता, कारण ते मध्येच 'मग?' विचारतं आणि तुम्हाला पुढचं वाक्य करावंच लागतं.

शेवटच्या दिवशी एखाद्या परदेशी पाहुण्याला तुम्ही गिल्बर्ट हिलबद्दल सांगताय असं समजून दोन मिनिटं बोला. 'वी हॅव द सेम काइंड ऑफ रॉक इन मुंबई. इट इज ओल्डर दॅन द जायंट्स कॉजवे.' इथे तुम्ही पाठ केलेलं बोलत नाही. तुमच्याकडे सांगण्यासारखं काहीतरी आहे आणि ते त्याला माहीत नाही.

हवामान: रोजचं ऐकणं

ब्रिटनमध्ये हवेवर बोलणं हा ओळखीच्या-अनोळखीच्या माणसाशी संवाद सुरू करायचा नेहमीचा रस्ता आहे. मेट ऑफिस या तिथल्या हवामान खात्याचं काम १८५४ मध्ये रॉबर्ट फिट्झरॉय यांनी सुरू केलं. डार्विनला घेऊन गेलेल्या 'बीगल' जहाजाचे कप्तान तेच.

रोज सकाळी मेट ऑफिसच्या संकेतस्थळावर एकाच शहराचा अंदाज वाचा, शहर बदलू नका. भुरभुर पावसाला 'ड्रिझल', सरीला 'शॉवर', मुसळधारेला 'डाउनपोर', मधून मधून पडणाऱ्या उन्हाला 'सनी स्पेल्स', मळभाला 'ओव्हरकास्ट'. कोकणातल्या वाचकाला पावसाचे इतके प्रकार नवे नाहीत, फक्त नावं बदलतात. आणि वाक्याची सुरुवात 'इट'ने होते हे अंगवळणी पाडा. आपण 'पाऊस येतोय' म्हणतो म्हणून 'रेन इज कमिंग' तोंडात येतं. 'इट्स रेनिंग', 'इट्स गेटिंग डार्क', 'इट्स फ्रीझिंग' ही घडण रोज वापरली तरच सुटते.

थोडी तयारी झाली की बीबीसी रेडिओ फोरचा शिपिंग फोरकास्ट ऐका. ब्रिटनभोवतालच्या समुद्राचे ३१ भाग पाडलेले आहेत आणि दर्यावर्दींसाठी प्रत्येक भागाचा अंदाज ठरलेल्या क्रमाने, संथ, एका सुरात वाचला जातो. व्हायकिंग, फोर्टीज, डॉगर, फिशर, जर्मन बाइट, हंबर, टेम्झ, डोव्हर असा तो क्रम नकाशावर घड्याळाच्या काट्यासारखा फिरत जातो. यातल्या एका भागाला २००२ मध्ये फिट्झरॉय यांचंच नाव दिलं गेलं. आधी वाऱ्याची दिशा आणि जोर, मग समुद्राची स्थिती, मग पाऊस, शेवटी दृश्यमानता. पुढे काय येणार हे माहीत असल्यामुळे कान मोकळा राहून शब्द टिपतो. नकाशा समोर ठेवा आणि नाव ऐकू आलं की त्या भागावर टिंब द्या. लेखी मजकूर मेट ऑफिसकडे असतो, त्याच्याशी नंतर ताडून बघा. व्याकरणाचे पाठ ऐकण्यापेक्षा हा सराव मला जास्त मोलाचा वाटतो.

हवेच्या गप्पांत एक छोटी पण अवघड गोष्ट येते. आपला 'ना' सगळीकडे चालतो: थंडी आहे ना, तू येतोस ना, ते गेले ना. इंग्रजीत तो प्रत्येक क्रियापदाबरोबर बदलतो. 'लव्हली डे, इजन्ट इट?' 'इट रेन्ड ऑल नाइट, डिडन्ट इट?' सगळीकडे 'इजन्ट इट' लावण्याची आपली सवय मोडायला हवामान हा चांगला विषय आहे, कारण एकाच गोष्टीबद्दल कालचं, आजचं आणि उद्याचं बोलता येतं.

माणसांशी वागताना

मराठीत आदर क्रियापदात असतो. 'या, बसा, पाणी घ्या' यात 'कृपया' शब्द नसला तरी कुणाला उद्धट वाटत नाही. 'तू', 'तुम्ही', 'आपण' यांनी निम्मं काम आधीच केलेलं असतं. इंग्रजीत एकच 'यू', आणि क्रियापद सगळ्यांना सारखं. त्यामुळे मान दाखवायचा तर तो 'प्लीज', 'थँक यू', 'कुड', 'वुड' यांतूनच दाखवावा लागतो. 'गिव्ह मी वॉटर' हे आपल्या मनात 'पाणी द्या' असतं, ऐकणाऱ्याला 'पाणी दे' ऐकू येतं. 'कुड आय हॅव सम वॉटर, प्लीज?' ही घडण जिभेवर इतकी बसवा की विचार न करता यावी. शब्दांबरोबर त्यांची गरज का पडते हे कळलं तर ती लवकर बसते.

अनोळखी बाई-पुरुषांना 'आंटी', 'अंकल' म्हणू नका. ऑफिसात वरिष्ठांनाही सहसा पहिल्या नावानेच हाक मारतात, त्यात अपमान नाही. 'यू ऑलराइट?' असं कुणी विचारलं तर तब्येतीची कहाणी सांगायची नसते, 'येस, थँक्स, यू?' एवढं पुरे. उत्तर इंग्लंडमध्ये 'टी' म्हणजे अनेक घरांत संध्याकाळचं जेवण, तेव्हा 'कम फॉर टी' असं बोलावलं तर पोट मोकळं ठेवून जा.

आकड्यांचा सरावही इथेच करून टाका. तिथे रस्त्यावरच्या पाट्या मैलांत असतात, दूध आणि बिअर पाइंटात (५६८ मिलिलिटर), माणसाचं वजन अजूनही बरेच जण स्टोनमध्ये सांगतात (सुमारे साडेसहा किलो). लाख-कोटी नाहीत, म्हणून दहा लाखांना 'मिलियन' आणि एक कोटीला 'टेन मिलियन' हे डोक्यात न भाषांतरता यायला हवं. पुण्या-मुंबईची लोकसंख्या, घराची किंमत असे आकडे मोठ्याने बोलून बघा.

लंडनमधले तीन पत्ते

तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात रस्त्यावर उतरा. गूगल मॅप्सच्या स्ट्रीट व्ह्यूवर १०, किंग हेन्रीज रोड शोधा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंडनमध्ये शिकत असताना १९२१-२२ मध्ये या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ मध्ये ते विकत घेतलं, आता तिथे स्मारक आहे. दुसरा पत्ता १०, हाउली प्लेस: ब्रिटिश पत्रकार व्हॅलेंटाइन चिरोलवरच्या खटल्यासाठी लोकमान्य टिळक लंडनला गेले तेव्हा, १९१८-१९ मध्ये इथे राहिले. तिसरा ६५, क्रॉमवेल अव्हेन्यू, हायगेट: सावरकर राहत होते ते इंडिया हाउस.

तिन्ही घरांवर स्मृतिफलक आहेत आणि फलकांवर 'लिव्ह्ड हिअर' हे दोन शब्द आहेत. साधा भूतकाळ. आपण सहज 'ही हॅज लिव्ह्ड हिअर इन १९२१' म्हणतो, ते चूक आहे. साल सांगितलं की 'हॅज' जातो. 'आंबेडकर लिव्ह्ड हिअर इन १९२१. ही वॉज स्टडिइंग ॲट द लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स.' मागे चालू असलेली गोष्ट 'वॉज स्टडिइंग', घडलेली गोष्ट 'लिव्ह्ड'.

मग किंग हेन्रीज रोडवरच्या घरापासून चॉक फार्म या भुयारी रेल्वे स्थानकापर्यंत पडद्यावर चालत जा आणि सोबतच्या माणसाला वाट सांगताय असं बोलत राहा. 'टर्न लेफ्ट, गो स्ट्रेट ऑन, क्रॉस द रोड, इट्स ऑन युअर राइट, ऑपोझिट द शॉप.' दिसणाऱ्या पाट्या वाचा, घरांचं वर्णन करा. 'ऑपोझिट'नंतर आपण 'टू' लावतो, तो बोलताना गाळा. इमारतीत शिरलात तर ब्रिटनमध्ये तळमजला 'ग्राउंड फ्लोर' आणि त्यावरचा 'फर्स्ट फ्लोर', आपल्यासारखंच. अमेरिकेत तळमजल्यालाच 'फर्स्ट फ्लोर' म्हणतात.

गावाकडचा ब्रिटन बघायचा असेल तर जिओग्राफ हे संकेतस्थळ उघडा. तिथे ब्रिटन आणि आयर्लंडच्या जवळजवळ प्रत्येक चौरस किलोमीटरचे फोटो लोकांनी टाकले आहेत, खाली एक-दोन ओळींची साधी माहिती आहे. माहिती झाकून स्वतः दोन ओळी लिहा, मग मूळ ओळी उघडून ताडा. लिहिण्याचा इतका स्वस्त आणि चांगला सराव दुसरा नाही.

सण

सणांवर फार वेळ घालवू नका, एखादा पुरे. ५ नोव्हेंबरची रात्र घ्या. १६०५ मध्ये काही लोकांनी पार्लमेंट स्फोटाने उडवायचा कट केला, गाय फॉक्स दारूगोळ्यासकट पकडला गेला, आणि तेव्हापासून त्या रात्री होळ्या पेटतात, फटाके उडतात. दिवाळी याच सुमारास येते, त्यामुळे लेस्टरमध्ये गुजराती-मराठी घरांतून हे दोन्ही लागोपाठ दिसतात. 'प्लॅन्ड', 'वॉज कॉट', 'हॅव सेलिब्रेटेड एव्हर सिन्स' अशी तिन्ही रूपं एका गोष्टीत मिळतात. मग होळीची गोष्ट याच साच्यात लिहा.

पाऊण तासाची विभागणी

पहिली दहा मिनिटं ऐकणं, हवामान किंवा बीबीसी लर्निंग इंग्लिशचा 'सिक्स मिनिट इंग्लिश'. नंतर वीस मिनिटं त्या आठवड्याच्या जागेवर वाचन. उरलेली पंधरा मिनिटं फक्त तोंडाने बोलणं, रेकॉर्ड करून. वेळ कमी पडला तर वाचन कापा, बोलणं कापू नका. वहीत सुटे शब्द लिहू नका, जागेसकट पूर्ण वाक्य लिहा. आठवड्यातून एकदा रेकॉर्डिंग ऐकून फक्त एकाच प्रकारची चूक शोधा: या आठवड्यात 'द', पुढच्या आठवड्यात भूतकाळ. सगळ्या चुका एकदम पकडायला गेलात तर बोलणंच थांबेल.

दुसऱ्या देशाकडे कधी जावं

कोरा नकाशा समोर ठेवून, कागद न बघता ब्रिटनवर पाच मिनिटं बोलता आलं की निघा. नद्यांपाशी अजून 'द' राहत असेल तर आठवडाभर थांबा.

क्रिकेट आवडणाऱ्यांनी पुढे ऑस्ट्रेलिया घ्यावा. तिथे नाताळ भर उन्हाळ्यात येतो आणि २६ डिसेंबरला मेलबर्नला बॉक्सिंग डे कसोटी सुरू होते. २०२० च्या त्या कसोटीत अजिंक्य रहाणेने ११२ धावा केल्या. त्या डावाचं इंग्रजी समालोचन शोधून ऐका: सामना ठाऊक असल्याने शब्द आपोआप उलगडतात. राजधानी कॅनबेरा आहे, सिडनी नाही. दुपारला 'आर्व्हो' आणि न्याहारीला 'ब्रेकी' म्हणतात, पण हे शब्द ओळखता आले की बस, वापरायची घाई नको. कॅनडाला जाणाऱ्यांनी जोराची जागा बदलते ते ऐकावं: 'कॅनडा'त पहिल्या अवयवावर, 'कनेडिअन'मध्ये दुसऱ्यावर. अमेरिकेसाठी तारखेपासून सुरुवात करा. तिथे महिना आधी लिहितात, त्यामुळे ०५/०७ म्हणजे ७ मे. विमानाचं तिकीट किंवा मुलाखतीची वेळ वाचताना हे आधी बघा.

कुठलाही देश घेतलात तरी शेवटच्या आठवड्यात तिथल्या एखाद्या खऱ्या माणसाला त्याच्या गावाबद्दल एक प्रश्न विचारा, नातेवाइकाच्या शेजाऱ्याला का होईना. 'व्हॉट इज युअर टाउन नोन फॉर?' हा प्रश्न कुठेही चालतो. उत्तर आलं की तोच प्रश्न तुमच्याकडे परत येईल, तेव्हा आपल्या गावाची नदी, डोंगर आणि दगड यांची वाक्यं तयार ठेवा.